एकोणपन्नासाव्या टॉवरचा ठिपका

१

चुलीवरच्या पेजेचं झाकण थडथडलं आणि घरातली शांतता मोडली.

नेत्रा दचकली. झाकण काढायला हात पुढे केला तेव्हा तिच्या ध्यानात आलं की हाताच्या सवयीनं आपण आजही तिघांचे तांदूळ घातलेत. मंगळवारी सकाळी तिचा नवरा लखू डबा घेऊन बाहेर पडला, तो परतला नव्हता. आज शुक्रवार. बुधवार-गुरुवार अख्खी वाडी रान धुंडाळून आली होती. पोलीस येऊन लिहून गेले होते.

खाटेवर पुतळी झोपेत खोकली. पाच वर्षांची पोर, पण खोकला म्हाताऱ्या माणसाचा. पंधरा दिवस झाले, जात नव्हता.

जाळ वाढवावा म्हणून नेत्रा लाकडाच्या ढिगाशी वाकली. दोन ढलप्या ओढल्या, तिसरी ओढली आणि तिचा हात थांबला. ढिगामागे बूट होते. कंपनीचे, जाड तळव्याचे, लखूचे. नीट शेजारी-शेजारी ठेवलेले, वरून पोतं झाकलेलं.

सुप्याच्या धरणावरनं विजेची मोठी लाईन रानातून जाते. तिच्या टॉवरांखालचा झाडोरा नि वेली तोडत रोज चालायचं, हे लखूचं काम. तोडलेल्या झुडपांचे खुंट भाल्यासारखे वर आलेले असतात. त्या वाटेनं अनवाणी चालणारा माणूस दुसऱ्या दिवशी चालू शकत नाही. लखूनं एकदाच तसं केलं होतं आणि आठवडाभर पाय हळदीत बांधून बसला होता.

मग मंगळवारी तो लाईनवर गेलाच नसेल तर?

आणि गेला नसेल, तर सगळी माणसं दोन दिवस कुणाला शोधत होती?

२

ऊन अंगणात यायच्या आत सुपरवायझर गोपाळअण्णा मोटरसायकलवरून आला. रामनगरचा माणूस, मूळ घर खानापूरकडचं. अंगावर इस्त्रीचा शर्ट आणि तोंडावर जागरण.

"वैनी, आज दुपारपर्यंत बघायचं आन् थांबायचं, असं वरनं सांगितलंय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मला इचारशीला तर त्यो गोव्याला गेला असंल. मागच्या म्हैन्यात सुट्टीवरनं माझ्याशी तोंड लावलंवतं त्यानं."

"डबा घिऊन गोव्याला जातंय व्हय कोण?"

"तसं न्हवं..."

"अण्णा, त्यो शेवटचा ठिपका दाखवा मला."

"कितींदा दाखवू? तुमास्नी काय कळनार त्यातलं?"

"बारावी शिकलेय रामनगरात. तुमच्याच शाळंत."

गोपाळनं मोबाईल पुढे केला. सगळ्या याद्या त्यानं ऑफिसातूनच त्यात भरून आणल्या होत्या. कंपनीनं लाईनवरच्या सातही माणसांना एकेक फोन दिला होता. त्याला कुलूप होतं. गाणी नाहीत, कॅमेरा नाही, गावाकडच्या कुणाशी त्यावर बोलायचं नाही. माणूस चालेल तसा दर पाच मिनिटांनी नकाशावर एक ठिपका पडायचा, आणि ठिपके पुरे झाले की हजेरी. शिवाय एक तांबडं बटण होतं. अडचणीत दाबलं की नेमकी जागा ऑफिसात कळायची.

लखूचे ठिपके एकेचाळीसाव्या टॉवरपासून सुरू होऊन दरीत उतरले होते. एकोणपन्नासाव्या टॉवरखाली, एक वाजून दहा मिनिटांनी, शेवटचा. पुढे कोरं. म्हणून तर सगळे त्याच दरीत शोधत होते.

"ह्या दोन रांगा कशाच्या?"

"ही ठिपका पडल्याची येळ, आन् ही हापिसात पोचल्याची. रेंज नसली की ठिपका फोनातच ऱ्हातोय. रेंज गावली की मग सगळे एकदम पोचत्यात."

"येसूमामाचं दाखवा. त्याच दिवसाचं."

येसू, त्याच लाईनवरचा सगळ्यात जुना माणूस. त्याचे दरीतले ठिपके पडले होते साडेबारा ते तीनच्या दरम्यान. पोचले होते ते सगळे चार वाजून वीस मिनिटांनी, तो दरीतून चढून वाडीच्या वरच्या अंगाला आल्यावर. नेत्रानं बोट परत लखूवर आणलं. पडला बारा चाळीस, पोचला बारा चाळीस. पडला बारा पंचेचाळीस, पोचला बारा पंचेचाळीस. एकापाठोपाठ एक, एकही ठिपका चुकलेला नाही.

"अण्णा, त्या दरीत रेंज हाय?"

"कुठली? देवबी फोन उचलत न्हाई तिथं."

"मग हे कसं पोचले?"

गोपाळनं फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "त्या दिवशी आली असंल की एकादे येळी..."

नेत्रानं तोवर मागच्या पावसाळ्यातला महिना काढला होता. पुतळीला ताप चढला होता ते तीन दिवस तिला तोंडपाठ होते. लखू घरून हलला नव्हता, पोरीला मांडीवर घेऊन कपाळावर ओल्या घड्या ठेवत बसला होता. "साहेबांनी सुट्टी दिली," म्हणाला होता. यादीत मात्र ते तीनही दिवस लखू एकेचाळीस ते अठ्ठावन्न टॉवर चालला होता. हजेरी पुरी.

"तुमी सुट्टी दिलीवती?"

"मी? मी कवाच दिली न्हाई, त्यावरनंच तर तोंड लावलं त्यानं मागल्या म्हैन्यात. लाईनवरच्या माणसाला कंपनीत कोण सुट्टी देतंय?"

नेत्रानं फोन परत दिला. तिच्या मनात एकच गोष्ट सरळ उभी राहिली होती. मंगळवारी हा फोन दरीत नव्हता. तो सबंध वेळ रेंजमध्ये होता. आणि या सगळ्या रानात रेंज एकाच जागी होती.

३

वाडीच्या वरच्या टेकाडावर, टेप म्हणतात त्याला, एक जांभळीचं झाड आहे. वाऱ्याच्या कुठल्या लहरीनं कोण जाणे, त्याच्या पूर्वेकडच्या फांद्यांत रेंज सापडते. सकाळी शेतावर जाताना घरोघरचे फोन कापडी पिशव्यांत घालून त्या फांद्यांना टांगायचे आणि संध्याकाळी उतरवून आणायचे, ही वाडीची रीत. दिवसभराचे निरोप त्यात जमा होतात. माकडं येऊ नयेत म्हणून शेजारच्या खोपटातली सुशीलाअक्का काठी घेऊन बसते. मोबदल्यात कुणी तिला मीठ आणून देतं, कुणी तंबाखू.

नेत्रा पुतळीला कडेवर घेऊन टेपावर चढली तेव्हा अक्का सुपारी कातरत होती. येसूमामाही तिथेच बसला होता, गेले दोन दिवस हाका मारून बसलेल्या घशात गरम पाणी ओतत.

"काय गो, गावला?" अक्कानं विचारलं आणि स्वतःच जीभ चावली.

"अक्के, मंगळवारी ह्या झाडाला निळी पिशवी हुती? ठिपक्याठिपक्याची?" ती पिशवी पुतळीच्या लहान झालेल्या झबल्याची होती. लखूच्या फोनासाठी नेत्रानंच शिवली होती.

"हुती की. तुजीच न्हवं ती? पल्याडच्या फांदीला. सकाळधरनं हुती."

"हे पोलिसांना का न्हाई सांगितलंस?"

"त्यांनी इचारलं, लखूला बघितलंस काय. मी म्हटलं, न्हाई. पिशवीचं कोण इचारलं मला?"

"मग नेली कुणी?"

"ते न्हाई बा ठावं. उतरत्या उन्हाला मी गुरं वळवाय गेलते. आले तर न्हवती. मला वाटलं, लखूच घिऊन गेला."

नेत्रा येसूकडे वळली. म्हातारा वाटी खाली ठेवून बोटांनी माती उकरत होता.

"मामा, फोन झाडाला आन् ठिपकं दरीत. कसं काय?"

"मला काय इचारतीस पोरी..."

"तुमच्या डोळ्यांत दिसतंय म्हणून इचारतेय."

येसूनं सुस्कारा सोडला. "सोडवलेला फोन हुता त्यो. सातातले सा सोडवलेत. मी तेवढा न्हाई सोडवला."

मग त्यानं हळूहळू सांगितलं. लखूच्याच वयाचा, त्याच्याच जोडीनं लाईनवर लागलेला अमोल रामनगरला बाबुरावच्या मोबाईल दुकानात बसून ही विद्या शिकून आला होता. शहरातली माणसं तिला जेलब्रेक म्हणतात. बाबुराव म्हणे, दाव्याचं जनावर सोडवावं तसा फोन सोडवायचा. कुलूप निघालं की फोन आपला. गाणी लागतात, फोटो निघतात, पोरांना चित्रं दिसतात, हवं ते त्यात घालता येतं. असंच एक त्यात घातलं की एका दिवशी खरंखुरं चाललेली वाट फोन ध्यानात ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच चालल्यासारखं दाखवतो. माणूस घरी, फोन झाडाला, ठिपके दरीत.

"चांगलं हुतं म्हनायचं," येसू म्हणाला. "कुणाचं भात कापायचं असंल, कुणाची बायको बाळतीन असंल. कंपनी तर मेल्याबिगर सुट्टी दीत न्हाई. पन ते कुलूप काढलं की तांबडं बटनबी मरतंय. मी म्हटलं अमोलला, बाबा, मला गवा दिसल्यावर त्ये बटन लागतंय. मला नको तुजी सुटका. हसला मला. म्हनला, म्हातारा भित्रा हाय."

"तीन दिवस तुमाला ठावं हुतं की ठिपका खोटा असंल?"

"देवाशपथ न्हाई! मला वाटलं, त्या दिवशी खराच गेला असंल. रोज काय घरी ऱ्हात न्हवता त्यो. गोपाळ म्हनला दरीत, म्हनून दरीत. फोन लावून लावून तर बोटं झिजली माजी. ह्याच झाडाखाली हुबा ऱ्हाऊन लावत हुतो."

"गोपाळअण्णाबी त्येच म्हनत हुता बुधवारी, पन्नासदा लावला म्हणून," नेत्रा स्वतःशी पुटपुटली. सगळ्यांनीच लावला होता. सुशीलाअक्कानंसुद्धा कुणाकडून तरी लावून घेतला होता.

ती एकाएकी उभी राहिली. एक माणूस असा होता, ज्यानं या तीन दिवसांत सगळ्यांहून मोठ्यानं हाका मारल्या होत्या, सगळ्यांच्या पुढे रानात घुसला होता. आणि ज्याला तिनं एकदाही कानाला फोन लावताना बघितलं नव्हतं.

४

अमोल दारातच विळ्याला धार लावत होता. आजच्या शोधाची तयारी. अंगावर काट्यांचे ओरखडे, डोळे सुजलेले.

"या वैनी. पुतळे, ये गो. आज आमी खालच्या वढ्याकडनं शिरनार हाय..."

"तुजा फोन दे."

"काय?"

"फोन दे, अमोल."

त्यानं गोंधळून दिला. नेत्रानं लावलेल्या फोनांची यादी उघडली. मंगळवार संध्याकाळपासून वीसेक नंबर होते. गोपाळ, येसू, पोलीस, बाबुराव. लखू कुठेच नव्हता.

"तुजा जोडीदार हरवला. सगळ्यांनी त्याला फोन लावला. तू एकदाबी लावला न्हाईस."

"बंदच हाय म्हटल्यावर काय लावू?"

"मंगळवारी सांजच्याला लागत न्हाई म्हणून मी रडत टेपावर आलते, तवा कुणालाच ठावं न्हवतं की बंद हाय. तवाबी तू लावला न्हाईस. तुला लावायची गरज न्हवती. फोन तुज्याकडंच हुता."

विळा अमोलच्या हातातून गळून पडला नाही. त्यानं तो अगदी सावकाश भिंतीला टेकवून ठेवला, आणि मग उंबऱ्यावर बसला.

"उन्हानं तापून बंद पडलावता," तो म्हणाला. "दुपारीच पडला असंल. सांजला मी माजा घ्याय गेलो, तर निळी पिशवी तशीच. म्हटलं, लखू इसरला, घरी नेऊन देतो. वाटंत कळलं की लखू घरी आला न्हाई."

"आन् मग?"

"मग दडवला."

"का?"

"फोन गावला असता तर सोडवलेला हाय हे कळलं असतं. एकाचा कळला की साहाजनांचे बघितले असते. कंपनीनं आधीच सांगितलंय, कुलूप मोडलं की कामावरनं काढनार आन् वर केस. वैनी, सा घरं हाईत. माज्या हातानं सोडवलेत समद्यांचे. म्हटलं, लखू काय, यील की सकाळपर्यंत. बुधवारी आला न्हाई. तवर गोपाळनं ठिपका काढलावता. सगळे दरीकडं पळाले."

"आन् तूबी पळालास."

"व्हय."

"तिथं न्हाई हे ठावं असून हाका मारल्यास."

पुतळी आईच्या खांद्यावरून त्याच्याकडे बघत होती. अमोल उठला, आत गेला. तांदळाच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून त्यानं निळी पिशवी काढली.

"सोडवला म्हनून काय वाईट झालंवतं?" तो कुणालाच विचारल्यासारखा बोलला. "पोरीला ताप हुता तवा बापाच्या मांडीवर हुती ना ती? त्ये चांगलंच झालं न्हवं?"

नेत्राला त्यावर 'नाही' म्हणता आलं नाही. ते तीन दिवस तिनं मनातल्या मनात देवळातल्या निरांजनासारखे जपले होते.

"त्यो कुठं गेलावता, त्ये सांग."

"खरंच ठावं न्हाई, वैनी. मला सांगितलं असतं तर..."

५

फोन चार्जिंगला लावून नेत्रा अमोलच्या ओसरीवर बसली आणि उलटा विचार करू लागली. दरी सोडून द्यायची. माणूस धरायचा.

बूट ठेवून गेला. म्हणजे खुंटांच्या वाटेनं नाही. आणि अनवाणी जायचं काम रानात एकच: झाडावर चढायचं. गोठ्यातला काथ्याचा दोर तिला बुधवारपासून दिसला नव्हता. म्हैस बांधायला शेजारून आणावा लागला होता. तेव्हा तिला वाटलं, शोधणाऱ्यांपैकी कुणी नेला असेल. चैत्र संपत आलेला, या दिवसांत झाडावर चढून आणण्यासारखं काय असतं?

पुतळी खोकली.

सोमवारी रात्री जेवताना नेत्राच लखूला म्हणाली होती, "औशीद काय लागू पडत न्हाई. रानातला मध तरी आणा कुठनं."

मध. झाडाच्या पोकळीतला, बारीक माशीचा. पण रानात पोकळ झाडं हजार.

फोनचा पडदा उजळला. कुलूप नव्हतंच, थेट उघडला. सोडवलेल्या फोनाला कॅमेरा असतो, हे तिला येसूनं सांगितलं होतं. तिनं फोटो उघडले. पुतळी झोपलेली, पुतळी बोट चोखताना, पुतळी म्हशीच्या पाठीवर. आणि शेवटचा, सोमवार दुपारचा: एका उंच झाडाच्या भोकातून मधमाश्यांची रेघ, खाली ओढा, मागे पांढऱ्या डागांचा मोठा धोंडा. पोरीला दाखवायला काढलेला असणार.

"मामा!" ती ओरडली. येसू तिच्या मागोमाग आला होता, अंगणातच उभा होता. त्यानं फोटो बघितला.

"हे दोन फांट्यांचं मत्तीचं झाड. टेपाच्या पल्याड, गव्यांच्या पानवठ्याला. अर्ध्या तासाची वाट..." आणि मग दबक्या आवाजात, "आमी गेलो त्याच्या अगदी उलट्या अंगाला गो."

अमोलनं फोटोकडे बघितलं. तीन दिवस हा फोटो त्याच्या कणगीत होता. दहा मिनिटं वायर लावली असती तर पुरलं असतं.

पुतळीला सुशीलाअक्कापाशी सोडून ते पळाले. येसूच सगळ्यांत पुढे होता, त्या वयात. मत्तीच्या बुंध्याशी काथ्याचा दोर पडला होता, मध्येच तुटलेला. तिथे लखू नव्हता. वाळल्या पाल्यावर मात्र घसटत गेल्याची वाट होती, ओढ्याच्या दिशेनं, हातभर हातभर. वाटेत डबा रिकामा पडला होता, पाणी प्यायला वापरलेला. एका जागी टॉवेल फाडून मांडीला बांधायचा प्रयत्न केलेला, सुटलेला. पाण्यापासून पुढे घसट पुन्हा वळली होती, वाडीकडे.

धोंड्यापलीकडे लखू सापडला. वाडीकडे डोकं करून.

येसूनं हाताला हात लावला, कपाळाला लावला.

"मंगळवारी पडलाय," तो म्हणाला. आणखी काही बोलू नये असं त्याला वाटत होतं, पण जिभेनं ऐकलं नाही. "कालपर्यंत हुता."

अमोल लांब उभा होता. तो जवळ आला नाही.

६

लखूला पोचवून आल्यावर पाचव्या दिवशी गोपाळअण्णा आला. कंपनीनं लिहून पाठवलं होतं की मयत कामाच्या जागी नव्हता, सबब कंपनीचा संबंध नाही. ते वाचून दाखवताना त्याचे कान तांबडे झाले.

"वैनी, एक इचारू?" तो हळूच म्हणाला. "फोन गावला का त्याचा? बाकीच्यांचेबी तसलेच हाईत काय?"

अंगणाच्या कडेला अमोल उभा होता. रोज यायचा, लाकडं फोडून टाकायचा, न बोलता जायचा. पलीकडे येसू. आणि बाकीच्या पाच घरांच्या पाच बायका, काही ना काही निमित्तानं आलेल्या, कुणाच्या हातात दुधाचा तांब्या, कुणाच्या हातात वांगी. सगळ्यांच्या माना नेत्राकडे वळल्या.

नेत्रानं सगळ्यांकडे बघितलं. खरं सांगितलं तर पाच चुली विझतील. आणि तिच्या मनात लखू तसाच त्या धोंड्यापलीकडे पडून राहील. न सांगितलं, तरी तसाच राहील. कुठल्याच बाजूला तिला वाट दिसेना.

"न्हाई गावला," ती म्हणाली.

गोपाळनं मान हलवली. त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे तिलाही कळलं. तो निघून गेला. बायका एकेक करून उठल्या. अमोल काही तरी बोलायला पुढे आला, तशी तिनं मान फिरवली. त्याला माफ करायचं बळ तिच्यात नव्हतं, आणि शाप द्यायचंही.

अंगण रिकामं झाल्यावर तिनं पुतळीला पुढ्यात घेतलं, केस विंचरायला. पाच दिवस विंचरले नव्हते, गुंता झाला होता. एक एक बट सोडवत ती बसली. पोर शहाण्यासारखी बसून होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण घरात येणारी-जाणारी माणसं बोलत होती, आणि तिला कान होते.

"आये."

"हं."

"बाबा पडल्यावर लगीच मेला न्हाई न्हवं? दोन दिस हुता न्हवं तिथं?"

नेत्राची फणी केसांतच थांबली.

पुतळीनं मान वळवून वर बघितलं.

"त्यो आपल्याला हाका मारत हुता तवा आपुन काय करत हुतो गो?"